एक कप मैदा म्हणजे नेमके किती ग्रॅम धरायचे?

अरुणावतीकाठ

सर्वांना नमस्कार. दिग्रस तालुक्यातील आमच्या गावात आम्हा बायांचा बचत गट आहे आणि गेल्या वर्षापासून आम्ही केक, नानकटाई व कणकेची बिस्किटे करून आठवडी बाजारात, तसेच शाळेच्या कार्यक्रमांसाठी देत आहोत. मागणी चांगली आहे, परंतु मापांच्या बाबतीत आमची फार ओढाताण होते. पाककृती तीन ठिकाणांहून येतात. मोबाइलवरच्या व्हिडिओंत सगळे कपाने सांगितलेले असते, प्रशिक्षणात मिळालेल्या छापील कागदांवर सगळे ग्रॅममध्ये असते आणि गटातल्या वडीलधाऱ्या बायांच्या वह्यांत पाव, छटाक आणि वाटी असते.

या सगळ्यांचा मेळ घालण्यासाठी मी इंटरनेटवर तक्ते शोधले, तर गोंधळ आणखी वाढला. एक कप मैदा एका तक्त्यात १२० ग्रॅम आहे, दुसऱ्यात १२५, तिसऱ्यात १४०, आणि एका ताईंनी तर व्हिडिओत सरळ १५० ग्रॅम सांगितले आहे. दोन कप मैद्याचा तोच केक आमच्याकडे कधी छान मऊ होतो, तर कधी कोरडा होऊन वरून तडकतो, आणि करणाऱ्या बाईचा हात बदलला की हा फरक हमखास दिसतो.

माझे प्रश्न असे आहेत : यांपैकी कोणता आकडा खरा मानावा? मैद्याऐवजी गावच्या चक्कीवर दळलेली कणीक घेतली तर तोच आकडा चालेल का? गटाकडे अजून वजनकाटा नाही. किराणा दुकानातले भाऊ त्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजू देतात, पण रोज रोज त्यांना त्रास देणे बरे वाटत नाही. एकदाच जाऊन काय काय मोजून आणावे म्हणजे पुढे घरच्या घरी काम भागेल? आणि बेकिंग पावडर, सोडा यांसारख्या किरकोळ वस्तूही वजनानेच घ्यायच्या का?

वर्धेची_भट्टी

ताई, तुम्ही दिलेले चारही आकडे खरे आहेत, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. ते वेगवेगळ्या आकाराच्या आणि वेगवेगळ्या रीतीने भरलेल्या कपांचे आकडे आहेत. कप आपल्याला जागा मोजून देतो. त्या जागेत मैदा किती मावला हे मात्र भरणाऱ्याच्या हातावर ठरते. मैद्याचे कण इतके बारीक असतात की ते एकमेकांना धरून राहतात आणि त्यांच्यामध्ये बरीच हवा अडकून राहते. कप ओट्यावर आपटला, डबा प्रवासात हलला किंवा चमच्याच्या पाठीने मैदा दाबला गेला की ती हवा निघून जाते आणि तेवढ्याच जागेत जास्त मैदा बसतो. साखरेचे दाणे मोठे असल्यामुळे तिच्यात हा फरक फारसा पडत नाही, म्हणून साखरेच्या बाबतीत सगळे तक्ते २४० मिलीच्या कपाला सुमारे २०० ग्रॅम असेच सांगतात.

आता हाताचा फरक किती पडतो ते पाहा. डब्यातला मैदा आधी चमच्याने हलवून मोकळा केला, मग चमच्याचमच्याने कपात सोडला आणि वर आलेली शीग सुरीच्या पाठीने काढून टाकली, तर २४० मिलीच्या कपात १२० ते १२५ ग्रॅम मैदा बसतो. तोच कप डब्यात बुचकळून, डब्याच्या कडेला दाबत भरला तर १४० ते १५० ग्रॅम बसतो. दोन कपांच्या केकमध्ये हा फरक सहज ५० ते ६० ग्रॅमचा होतो, म्हणजे जवळजवळ अर्धा कप मैदा जास्तीचा पडतो आणि दूध, दही, तेल मात्र तेवढेच राहते. तुमचा केक ज्या दिवशी कोरडा होऊन तडकतो, त्या दिवशी कप बुचकळून भरला गेला असण्याची दाट शक्यता आहे. याच्या उलट मैदा कमी पडला तर केक फुगतो आणि मग मधोमध खाली बसतो.

चाळण्याचेही असेच आहे. मैदा चाळून मग कप भरला तर वजन आणखी कमी भरते, कधी कधी ११० ग्रॅमच्या आसपास. कप भरून मग चाळला तर अर्थातच वजन तेच राहते. पाककृती सांगणाऱ्याने यांतले आधी काय केले हे नीट पाहावे. व्हिडिओचा मोठा उपयोग हाच आहे की त्यात सांगणाऱ्याचा हात दिसतो. त्यांनी कप कसा भरला ते पाहा, अगदी तसाच भरा, आणि त्याचे वजन एकदा लिहून ठेवा. त्या व्हिडिओपुरता तुमचा आकडा तोच.

दुसरी गोष्ट कपाच्या आकाराची. अमेरिकेतला कप सुमारे २३७ मिलीचा असतो आणि तो बहुधा २४० धरला जातो, ऑस्ट्रेलियातला २५० मिलीचा असतो, आणि आपल्या बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या संचांत २४० आणि २५० असे दोन्ही सापडतात. कपाच्या बुडाशी किंवा दांडीवर आकडा नसेल तर पाण्याची एक लिटरची सीलबंद बाटली घ्या. तिच्यातून चार कप काठोकाठ भरून बाटली रिकामी झाली तर तुमचा कप २५० मिलीचा आहे. चार कप भरूनही अडीच-पावणेतीन मोठे चमचे पाणी उरले तर तो २४० चा आहे. मोठा चमचा १५ मिलीचा आणि लहान चमचा ५ मिलीचा असावा लागतो. तो तपासण्यासाठी मुलांच्या पातळ औषधाच्या बाटलीवरचे खुणा असलेले टोपण उत्तम, कारण त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात. जेवणाचा किंवा चहाचा चमचा मापाचा म्हणून कधीही वापरू नये. प्रत्येक घरात तो वेगळा असतो.

किराणा दुकानात एकदाच जायचे असेल तर असे करा. बहुतेक दुकानांतले काटे पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतात, त्यामुळे एकच कप मोजला तर १२० आणि १२५ यांत भेद कळणे कठीण. म्हणून मोठे पातेले काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा, त्यात एकाच रीतीने भरलेले दहा कप ओता आणि आलेल्या वजनाला दहाने भागा. काट्याची पाच ग्रॅमची चूक मग एका कपामागे अर्ध्या ग्रॅमवर येते. मैदा, कणीक, रवा, पिठीसाखर आणि कोको पावडर या पाच वस्तू अशा मोजून आणल्या की पुष्कळ काम होईल. अंदाजासाठी सांगते, २४० मिलीच्या कपाला रवा १६५ ते १७०, पिठीसाखर ११५ ते १२०, कोको ८५ ते १०० ग्रॅम भरतो. तुमच्या हाताने येणारा आकडा यापेक्षा थोडा वेगळा आला तरी तोच वहीत लिहा, कारण पुढे कप तुमच्याच हाताने भरले जाणार आहेत.

दुकानात जाणे जमलेच नाही तर मैद्याचे अर्ध्या किलोचे बंद पाकीट घरी फोडा, सगळा मैदा मोकळा करून कपाने मोजा आणि ५०० ला कपांच्या संख्येने भागा. चार कप भरले तर कपाला १२५ ग्रॅम. नाण्यांना वजने मानून तागडी करण्याचा सल्ला काही ठिकाणी दिसतो, तो मानू नका. एक रुपयाची वेगवेगळ्या वर्षांतली नाणी सारख्या वजनाची नाहीत.

बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि इसेन्स चमच्यानेच घ्यावे. लहान चमचाभर बेकिंग पावडर सुमारे ४ ग्रॅम भरते आणि दुकानातल्या काट्याला चार ग्रॅम नीट कळतही नाहीत. येथे चमचा हेच जास्त भरवशाचे माप आहे, फक्त तो शिगेचा न भरता सपाट भरावा.

चक्कीवाला_मेहकर

वर्धेच्या ताईंनी मैद्याचे सविस्तर लिहिले आहे, मी कणकेपुरते सांगतो, कारण माझा दिवस तिच्यातच जातो.

ताई, मैद्याच्या जागी कणीक घालताना कपाला कप धरू नका, ग्रॅमला ग्रॅम धरा. मैदा मोठ्या गिरणीतून येतो आणि त्याचा बारीकपणा बऱ्यापैकी सारखा असतो. गावच्या चक्कीवरची कणीक मात्र दगडांमधल्या अंतराप्रमाणे बदलते. पोळीसाठी बारीक दळलेली कणीक वेगळी, रोडग्यांसाठी जाडसर दळलेली वेगळी. जाडसर कणकेत कण मोठे असल्यामुळे ते एकमेकांना चिकटून न राहता खाली बसतात आणि तोच कप जास्त जड भरतो, म्हणजे तिचा कल रव्याकडे जातो. म्हणून इंटरनेटवरचा कोणताही तक्ता तुमच्या कणकेला लागू पडेल असे समजू नका. दळण बदलले की कपाचे वजन पुन्हा काढावे लागेल.

दळून आणलेली कणीक गरम असताना मोजू नये. ती तेव्हा मोकळी आणि फुललेली असते, शिवाय थंड होताना तिच्यातला थोडा ओलावाही उडतो. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, चाळून कोंडा काढायचा असेल तर तोही आधी काढा आणि मगच वजन करा. कोंडा काढण्यापूर्वी एक किलो असलेली कणीक चाळल्यावर एक किलो राहत नाही, आणि हिशोबात हा फरक पुष्कळ जण विसरतात.

वजन बरोबर घेतले तरी कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. एक तर तिच्यात कोंड्याचा अंश असतो, आणि दगडाच्या चक्कीत गव्हातल्या पिष्टाचे कण जास्त भरडले जातात, ते पाणी अधिक शोषतात. केकच्या मिश्रणात १२० ग्रॅम मैद्याऐवजी १२० ग्रॅम कणीक घातली तर एक ते दोन मोठे चमचे दूध जास्त लागेल, असे धरून चला. मिश्रण कालवल्यावर दहा मिनिटे थांबून त्याची धार पाहावी, म्हणजे आणखी दूध हवे की नको ते कळते. सोडा किंवा बेकिंग पावडर मात्र या दहा मिनिटांनंतर, भांड्यात ओतण्याच्या अगदी आधी मिसळावी.

आपल्या भागातील हवेचा विचारही करायला हवा. मे महिन्यात ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात पत्र्याच्या डब्यातले पीठ सुकते आणि पावसाळ्यात तेच पीठ ओलावा धरून गोळे होते. नियमाप्रमाणे मैद्यात आणि आट्यात १४ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. म्हणजे पिठाच्या वजनात थोडे पाणीही असतेच. वजनाने मोजल्याने कपाचा मोठा फरक निघून जातो, पण हा लहानसा फरक उरतो. उन्हाळ्यात चमचाभर दूध हाताशी ठेवावे आणि पावसाळ्यात सांगितलेल्यातले चमचाभर मागे ठेवून सुरुवात करावी.

वैनगंगा_गुरुजी

अरुणावतीकाठ ताई, वडीलधाऱ्या बायांच्या वह्यांतील मापांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. त्या वह्या जपून ठेवा. त्यांतली मापे चुकीची नाहीत, फक्त ती कोणत्या काळातली आहेत हे ओळखावे लागते.

आपल्याकडे मापे दोन प्रकारची होती. धान्य पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे अशा भरून मोजायच्या मापांनी घेतले जाई. त्यात शीग ठेवायची की काढायची हे ठरलेले असे, आणि पायलीचा आकारही गावोगावी वेगळा असे. म्हणून पायलीभर गहू आणि पायलीभर ज्वारी यांचे वजन सारखे येत नसे, आणि एका गावची पायली दुसऱ्या गावी चालत नसे. दुसरा प्रकार तागडीच्या वजनाचा. त्यातला शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याचा पाव शेर २३३ ग्रॅम आणि छटाक, म्हणजे शेराचा सोळावा भाग, ५८ ग्रॅम होतो. वजन-मापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यानंतर दुकानांत पाव म्हणजे पाव किलो, २५० ग्रॅम, असे रुळले.

म्हणून वहीत पाव शेर असे स्पष्ट लिहिलेले असेल तर मैदा २३३ ग्रॅम घ्यावा, आणि नुसते पाव असेल व वही अलीकडच्या काळातली असेल तर २५० ग्रॅम. नानकटाईसारख्या पदार्थात मैदा, साखर आणि तूप तिन्ही एकाच पद्धतीने लिहिलेले असतील तर यातले काहीही धरले तरी बिघडत नाही, कारण प्रमाण कायम राहते. बिघडते ते अर्धे पदार्थ शेराने आणि अर्धे ग्रॅमने घेतल्यावर. वाटीचे मात्र एकच उत्तर आहे : ज्यांची वही आहे त्या आजींकडे ती वाटी अजून असेल तर ती मागून घ्या आणि बाटलीतल्या पाण्याने तिचे माप काढा. वाटी नसेल तर त्या पाककृतीतल्या सगळ्या वस्तू एकाच वाटीने घ्याव्यात.

अरुणावतीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल किराणा दुकानात जाऊन मोजून आले. आमचा कप पाण्याने तपासला, तो २५० मिलीचा निघाला. चमच्याने सोडून, शीग काढून भरलेल्या दहा कप मैद्याचे वजन १,३०० ग्रॅम झाले. मग गटातल्या एका बाईंना नेहमीच्या सवयीने कप भरायला सांगितले, तर त्यांचे दहा कप १,५२० ग्रॅमचे भरले. दोन्ही पातेली शेजारी ठेवली तेव्हा मैदा दिसायला जवळजवळ सारखाच वाटत होता, पण काट्याने फरक दाखवला. पोळीच्या कणकेचे दहा कप १,२५० ग्रॅम आणि रोडग्यांच्या जाडसर कणकेचे १,४५० ग्रॅम आले. आता आम्ही सगळ्या पाककृती ग्रॅममध्ये लिहून भिंतीवर लावणार आहोत आणि गटाच्या पैशांतून छोटा काटा घेणार आहोत.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. तेल आणि वितळलेले तूप वजनाने घ्यायचे का? आणि बिस्किटांच्या पाकिटावर आम्ही २५० ग्रॅम लिहू इच्छितो. त्यासाठी भिजवलेल्या पिठाचे वजन धरले तर चालेल का?

वर्धेची_भट्टी

तुमचे आकडे अगदी नेमके आले आहेत. २५० मिलीच्या कपाला १३० ग्रॅम म्हणजे २४० च्या कपाला सुमारे १२५. मोठ्या कपाचा आकडा २४० च्या कपात आणायचा असेल तर त्याला २५० ने भागून २४० ने गुणा. एखाद्या पाककृतीत दोन कप असे लिहिले असेल आणि कप कोणता व कसा भरला हे काहीच कळत नसेल, तर पहिल्या वेळी कपाला १२५ ग्रॅम धरून करून पाहावे. मिश्रण सैल वाटले तर वरून मैदा घालता येतो. जास्त पडलेला मैदा काढता येत नाही.

तेल, वितळलेले तूप, दूध आणि पाणी यांच्यात हवा अडकत नाही, म्हणून ते कपाने घेतले तरी दरवेळी सारखेच येतात. फक्त मिली म्हणजे ग्रॅम असे सरसकट धरू नका. पाणी २४० मिली म्हणजे २४० ग्रॅम, दूध व दही त्याहून किंचित जड, पण तेल आणि वितळलेले तूप पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे २४० मिलीला सुमारे २२० ग्रॅमच भरतात. छापील कागदावर १०० ग्रॅम तेल लिहिले असेल तर ते सुमारे ११० मिली होते. गोठलेले तूप मात्र वजनानेच घ्या, कपात ते भरताना मध्ये पोकळ्या राहतात.

पाकिटाच्या बाबतीत भिजवलेल्या पिठाचे वजन मुळीच धरू नका. भट्टीत बिस्किटांतले पाणी उडून जाते आणि एक किलो पिठाच्या गोळ्यातून एक किलो बिस्किटे निघत नाहीत. बंद पाकिटावर आतल्या मालाचे निव्वळ वजन ग्रॅममध्ये लिहिणे वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि ते गिऱ्हाइकाच्या हातात प्रत्यक्ष जाणाऱ्या बिस्किटांचे असावे लागते, पाकिटाचे वजन सोडून. म्हणून बिस्किटे पूर्ण गार झाल्यावर, पाकीट बंद करण्यापूर्वी काट्यावर ठेवा. विक्रीसाठी वापरायचा काटा वैधमापन विभागाकडून पडताळून शिक्का मारलेला असावा लागतो, तेव्हा स्वयंपाकघरासाठी घेणार असलेला छोटा काटा फक्त पीठ मोजायला ठेवा आणि पाकिटांसाठी शिक्क्याचा काटा वेगळा घ्या किंवा दुकानातल्या भाऊंना त्यांचा काटा पडताळलेला आहे का ते विचारून त्यावरच पाकिटे भरा.